फाटकाची गाडी

एकतीस वर्षं मी प्रत्येक शर्यतीत पहिला होतो,
शर्यत सुरू होईपर्यंत.

पांढरी गाडी. मागे दोन्ही अंगांना पसरलेले लोखंडी पंख,
पंखांना नाकं लावून आठ घोडे,
त्यांच्यामागे दोन चाकांचे टीचभर सांगाडे,
त्यांवर पाय फाकवून बसलेली माणसं.
मी वेग चढवत न्यायचा.
मागच्या सीटवर उलट्या तोंडानं बसलेला ओविद पेल्की
खुणेच्या खांबाशी कळ दाबायचा,
पंख मिटायचे,
आणि मी मुकाट कडेला.
बक्षीस घोडीचं, टाळ्या हाकणाऱ्याच्या,
पेट्रोलची पावती तेवढी माझी.

आरसा नव्हता. म्हणजे होता,
ओविदनं पहिल्याच दिवशी त्यावर काळी चिकटपट्टी मारली.
घोडे दिसले की पाय कचरतो, म्हणाला.
तू पुढचं बघ, आन्सेल. मागचं माझ्याकडे.

हार्लोज बेंडला तेव्हा शनिवारी
बटाट्याच्या शेतांतून लोक यायचे, नखांत माती तशीच,
लाकूडगिरणीची पाळी सुटली की थेट,
दोन डॉलर लावायचे आणि चार डॉलरचं भांडायचे.
इथे घोड्यानं उधळायचं नाही.
दुडक्या चालीनंच जायचं, घाई कितीही असो;
चौखूर सुटला की त्याला आवरून मागे टाकायचं.
वडील म्हणत, हा खेळ कुणीतरी
आपल्या गावाकडे बघून काढलाय.

मग प्रेक्षागृहाखाली नाण्यांची मशिनं आली,
घोड्यांना हातभार म्हणून.
माणसं खिडकीकडे पाठ करून बसली.
बाहेर आठवी शर्यत, आत चेरी, चेरी, लिंबू.
पुढे मशिनंही हायवेपलीकडच्या हॉटेलात गेली,
खिडकी नसलेल्या.

ओविद मार्चमध्ये गेला.
जमीन गोठलेली, पुरायला मे उजाडला.
तोवर त्याच्या सीटवर एक पोरगा बसायचा, फोन बघत,
कळ मात्र वेळेवर दाबायचा. खोटं का बोलू.

शेवटच्या रात्री मी डोकी मोजली: चौदा.
त्यांतली पाच पेल्कींच्या घरची.

लिलावात नाला गेल्या, खोगिरांच्या खुंट्या गेल्या,
विजयमंडपाचं छप्पर कुणी कोंबड्यांसाठी नेलं.
गाडीवर बोली नाही.
भंगारवाला म्हणाला, पंख काढून द्या, मग वजन करू.
मी म्हणालो, उद्या ये.

पहाटे अर्लीन आली, तबेल्यातली शेवटची,
तिची म्हातारी घोडी घेऊन. सेकंड हेल्पिंग नाव,
आयुष्यात दोनदा जिंकलेली,
एकदा तर बाकीचे सगळे उधळले म्हणून.
बुलडोझर कुंपणाशी उभे, त्यांच्या टपांवर दव.
अर्लीन म्हणाली, एक फेरी.

मी पंख उघडले, गाडी सुरू केली,
आणि नखानं आरशावरची पट्टी खरवडली.
चिकटाच्या रेघांतून दिसलं:
दोन नाकपुड्या, वाफ,
कपाळावर सरळ न बसलेला पांढरा ठिपका,
एक कान माझ्याकडे, एक अर्लीनकडे.
ओविदनं हे सगळं एकट्यानं बघितलं होतं,
शनिवारामागून शनिवार,
आणि घरी जाताना फक्त हवेबद्दल बोलायचा.

पाय कचरला. त्याचं खरं होतं.

खुणेचा खांब आला.
पंख मिटायची कळ मागच्या सीटवर,
मागच्या सीटवर कुणी नाही.
खांब गेला.
घोडी तशीच, नाक लोखंडाला लावून,
दुडक्या चालीत, मिटायची वाट बघत.
अर्लीन ओरडली काहीतरी,
हसत होती की रागावलेली, पंखांच्या खडखडाटात कळलं नाही.

दुसरं वळण. तिसरं.
खांब पुन्हा समोर येत होता,
पेट्रोलचा काटा पावाच्या खाली होता,
आणि मी एकदा पुढे, एकदा आरशात.