सीटखालची ऊब

हुडकेश्वरकडून आलेलं धुकं
पावणेसहाला गेटच्या आत असतं.
ओम्नीच्या टपावर दव, काचेवर दव,
आज तर वायपरच्या दांडीवर
पिठीसाखरेसारखं काहीतरी पांढरं.
नखानं खरवडलं. नखच दुखलं.

खिडकीतून आवाज, रजईच्या आतून आल्यासारखा :
"उकळतं पाणी नको टाकू वं, काच तडकन."
माहीत आहे.
तांब्यात कोमटच आहे, माझ्या आंघोळीतलं काढलेलं.
"गॅसवर नको मारू. आधी पेट्रोल पाज तिले."
तेही माहीत आहे.

पहिल्या चावीला खोकते.
दुसरीला नुसती टक्‌ टक्‌.
मी तळहातांवर फुंकर मारते,
मग चावीवर मारते, उगाच.
तिसरीला धरते, थरथरते,
शेजारचं कुत्रं सायलेन्सरशी येऊन बसतं.
"तिनातला एक जळून नाही राहिला," खिडकी म्हणते.
मला तर तिन्ही ऐकू येतात.

पोळ्याच्या दिवशी मोडला पाय.
आत सळई आहे.
म्हणतात, थंडी पडली की
आधी सळईला कळते, मग मला, मग पेपरवाल्यांना.

ओम्नीचं इंजिन सीटखालीच.
हळूहळू मांड्यांना ऊब लागते,
आणि काच आतून धुरकटते.
त्यात उमटतात पोरांनी गेल्या हिवाळ्यात बोटांनी लिहिलेलं सगळं :
एक फूल, सात गुणिले आठ,
दहावी होऊन गेलेल्या हर्षूलचं अर्धं नाव.
आणि माझ्यासमोर, ड्रायव्हरच्या बाजूला,
एक रुंद अर्धगोल,
पंजानं घाईत पुसल्याचा.
माझा पंजा एवढा नाही.

थोडा वेळ बघते.
मग फडकं घेते. रस्ता दिसायला हवा,
मानेवाडा चौकात त्रिशा सहारे
माकडटोपीत उभी असेल,
गरम सीटवर पहिला हक्क सांगायला.

गियर टाकताना मागे पाहिलं.
घराच्या खिडकीलाही वाफ धरलेली,
तिच्यात वाटीएवढं गोल पुसलेलं,
आणि त्यात एक डोळा.

खटका गॅसवर टाकला.
एक हिसका बसला. बंद नाही पडली.
खिडकी काही बोलली नाही.