न लावलेली

युलालियाच्या रानात एकच बाई चाळीस ठिकाणी उभी आहे.
तिला पांढरी म्हणतात.
कसाव्याचं खोड तोडायचं, वीतभर कांडी
ओल्या मातीत तिरपी खुपसायची, झालं.
ना फूल, ना मधमाशी, ना सोयरीक.
तिच्या पणजीने लावलेलं बेणं
अजून मरायचं राहिलंय.

मी पानं खुडून पाकिटात घालतो, आकडे टाकतो.
रुपुनुनीच्या काठी दुपारी सावलीसुद्धा तापते.
नात मेव्हिस पाकिटं चाटून चिकटवते आणि विचारते,
सगळी सारखीच, तर इतकी कशाला?

जॉर्जटाउनला यंत्राने तेच सांगितलं:
चाळीस पाकिटं, एक झाड.
पण त्या एका झाडात आईकडची ओळ, बापाकडची ओळ
शेजारी शेजारी, जशीच्या तशी.
पत्ते पिसलेच नाहीत, म्हणून हरवलेही नाहीत.
लहान गावात पिसत बसलं
की एकेक पान गळतं, कुणाच्या लक्षातही येत नाही.

मग एका जूनमध्ये नदी रानात आली
आणि तीन आठवडे राहिली.
सतरा नावांपैकी तीन उरली.
लोक होडीने पलीकडच्या गावी बेणं मागायला गेले;
तिथेही पांढरीच, तीही कुजलेली.

युलालियाने उंचावरची जुनी पडीक जागा जाळली.
राख निवली आणि उगवलं
कुणीच न लावलेलं.
कधीतरी फुलली असणार पांढरी,
सगळ्यांचं लक्ष मुळांकडे असताना.
बोंड तडकलं, मुंग्यांनी बी ओढून बिळाशी नेलं,
मेव्हिसच्या जन्माआधीपासून ते तिथे पडून.

खुरपताना ती खुरटी उपटे, उंच ठेवी.
मी म्हटलं, चाळीस जणी फुलल्या तरी
नवरी तीच, नवरा तीच; ही खुरटी त्यांची.
ती म्हणाली, खुरटी आहेत म्हणून उपटते.

एक राहिली. लाल देठाची.
तो लाल बुडालेल्या चौदांपैकी कुणाचा तरी.
वर्षाने मुळं किसली, मटापीत पिळली,
विष निथळलं, भाकरी तव्यावर पडली.
युलालियाने तुकडा चघळला,
बराच वेळ,
आणि पांढरीच्या मोळीत तिच्या कांड्या बांधल्या.

ही वेगळी आहे, मी म्हटलं, माझ्याकडे कागद आहे.
देठ लाल आहे, दिसतं मला, ती म्हणाली
आणि गाठ आवळली.

पाकीट एकशे बारा. नाव: पांढरी.
पुढे मी पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलं.
मेव्हिसने कड चाटली, दाबली.
ही पण चाळीस ठिकाणी उभी राहील?
मी आजीकडे पाहिलं. ती कोयता शोधत होती.