बर्डी ते बुटीबोरी

मेडिकलच्या त्या खोलीत यंत्रांची टिकटिक,
बाहेर मे महिना, सेहेचाळीसचा.
मेश्राम सिस्टरनं शर्टाची बटणं काढायला लावली
आणि माझ्या छातीवर ठेवलं
तेराशे ग्रॅम.

पायातल्या पट्टीवर तिचं नाव नव्हतं,
सुलेखाचं होतं.
सुलेखा वरच्या मजल्यावर,
बीपी उतरायची वाट बघत.

"बोला न काहीतरी, भाऊ. पोरगी ऐकते."
"काय बोलू?"
"जे येते ते बोला. हळू.
बोलाल तेव्हा हात हलवू नका,
हात फिरवाल तेव्हा गप्प राहा.
हिला एका वेळी एकच झेपते.
उचकी लागली, बोटं फाकली
की समजायचं, बस म्हणते."

अंगाई मला येत नाही.
अकरा वर्षं जे तोंडात बसलंय तेच आलं:
बर्डी. पंचशील. जनता चौक.
रहाटे कॉलनी, अजनी, छत्रपती.
रोज ओरडून सांगतो ते
इतकं हळू, की माझं मलाच ऐकू येईना.
सोनेगावला तिनं बोटं फाकली.
मी थांबलो.
गाडी कोणासाठी इतका वेळ
कधी थांबवली नव्हती.

दुसऱ्या दिवशी खापरीपर्यंत गेलो.
एकविसाव्या दिवशी बुटीबोरी,
आणि तिनं डोळा उघडला. एकच.
चिल्लर परत मोजून घेणाऱ्या म्हातारीसारखा.

साळीचं पोर त्याच आठवड्यातलं,
पुऱ्या दिवसांचं, साडेतीन किलो.
जून संपता संपता ते पंख्याला हसायचं, भिंतीला,
माझ्या खाकी बाहीलासुद्धा.
आमची बघायची
आणि मान फिरवून घ्यायची.

पोळ्याला आलेल्या बाया विचारत, कितीची झाली?
सुलेखा गप्प. मी सांगे,
कॅलेंडरनं चार महिन्यांची,
डॉक्टरच्या हिशेबानं दीड.
मधले अडीच महिने
कुठल्या स्टॉपवर उतरले, माहीत नाही.

मारबतीच्या दिवशी गाडी खच्चून भरलेली,
घसे बसलेली पोरं दारात लोंबकळत.
फोन आला. सुलेखा बोलेचना,
नुसता श्वास.
मग म्हणाली, "मी काहीच केलं नाही हो.
भाजी निवडत होते. वर पाहिलं
तर ही आधीपासूनच बघत होती माझ्याकडे.
आणि हसली."

मागून कोणीतरी ओरडलं,
"ओ कंडक्टर भाऊ,
छत्रपती मागे गेला न!"