शाया

पारोळ्याच्या बायपासला, रात्रपाळीच्या वजनकाट्यावर,
कपाशीच्या दोन गाड्यांमधल्या वेळात
मी एक कादंबरी वाचतो आहे.
वाचनालयाची, खाकी पुठ्ठ्याची,
पाठीवरची खळ सुकून तपकिरी झालेली.
वय बावन्न. चष्मा दुसरा. साखर जरा जास्त.
आणि पुस्तकात दोन पोरं
कुणाच्या तरी बागेतल्या हौदात उड्या मारतायत.

एवढंच. अजून कुणी मेलेलं नाही,
कुणाचा बाप गाव सोडून गेलेला नाही.
तरी घसा का दाटला,
हे मी काट्याच्या लाल आकड्यांना विचारतो.
ते म्हणतात, शून्य शून्य शून्य.

छापलेली पोरं शुद्ध बोलतात.
‘चल, शाळा सुटली.’
मला ऐकू येतं,
‘चाल रे भो, शाया सुटनी.’
लेखक तिकडचा, कोकणातला असावा,
त्याच्या पोरांच्या पायाला लाल माती.
मी ती वाचता वाचता काळी करून घेतो,
हौद बुजवून बोरीच्या वाळूत झिरा उकरतो,
आणि दुसऱ्या पोराला, कुणाला न विचारता,
सुपडूचा फाटका कान लावून देतो.

सुपडू उखा भोई.
गुरुजी म्हणायचे, ळ म्हण. जीभ वळव.
मी वळवली.
तो म्हणायचा, शाया. केया. डोया.
छडी खायचा, हात झटकायचा, पुन्हा शाया.
मी हसलो होतो, सगळ्यांबरोबर.
नदीत तो म्हणाला, ‘तू कसाले हासना?’
आणि उत्तरासाठी न थांबता
ओंजळीतला मासा माझ्या ओंजळीत सोडला.

भांडण झालं असतं तर बरं होतं,
तारीख तरी लागली असती.
आठवीला मी धुळ्याला मामाकडे गेलो,
तो कुठेच गेला नाही,
आणि आम्ही शेवटचे खेळलो तो दिवस
कॅलेंडरवर बाकीच्या दिवसांसारखाच.

कादंबरीत मात्र तो सापडतो.
पान एकशे बारा.
पोरं हौदातून निघतात, चड्ड्या पिळतात,
उद्या ये म्हणतात.
त्यांना ठाऊक नाही. मला आहे.
उजव्या बोटांना पुढची पानं जाड लागतात,
आणि त्यांत तो दुसरा पोरगा फारसा नसणार
हे न वाचताच कळतं.
पान जरा फुगलंय, पाणी पडून वाळल्यासारखं.
माझ्या आधी कुणी नेलं होतं हे पुस्तक?

बाराव्या वर्षी मिळालं असतं
तर मी नुसता हौद वाचला असता.

नऊ वर्षांपूर्वी एक गाडी काट्यावर आली.
ड्रायव्हर खिडकीतून वाकला.
‘वयखं का भो?’
मागे सात गाड्या, हॉर्न, जिनिंगचा मुनीम.
मी म्हणालो, गाडी पुढे घ्या, चाक प्लेटबाहेर आहे.
घ्या, म्हणालो.
पावती फाडली. एकोणीस टन चारशे.
कान बघितला होता मी.

पुढचं पान उलटत नाही.
मागे जातो, अठ्ठ्याण्णववर,
तिथे अजून कुणी कपडेही काढलेले नाहीत.

तीन वाजता दिवे वळतात.
मी खिडकीतून नाही, बाहेर येऊन सांगतो,
‘चाक बराबर शे भो. उतर, च्या पी ले.’
ड्रायव्हर बिहारचा. कोवळं पोरगं.
माझ्या तोंडाकडे बघत राहतो,
मग काहीतरी समजून उतरतो.