तातडीची मोजणी, मौजे प्रकाशा

अर्जदार: वामन दत्तात्रय उपासनी, वय एक्याऐंशी.
मोजणीचा प्रकार: तातडीची.
कारणाच्या रकान्यात निळ्या शाईने एवढंच:
कुंड सापडत नाही.

मी भूकरमापक. नऊ वर्षं बांध मोजतेय,
भावाभावांमधली वीतभर माती,
शेजाऱ्याच्या केळीत रात्रीतून सरकलेला हद्दीचा दगड.
तीर्थाची मोजणी पहिल्यांदाच आली.
साहेब म्हणाले, फी भरलीय ना? मग जा.

ओट्यावर लाल कापड सोडून काकांनी पोथी उघडली,
सुटी पानं, कडा कसरीने खाल्लेल्या,
आणि मी टिपण वाचते तशीच वाचली:
गोमाई तापीला मिळते तिथून मावळतीकडे
बैलाचं हंबरणं ऐकू येईल तिथवर जा.
मग एक बाण सोड.
तो पडेल तिथून, सकाळी औदुंबराची सावली जाते तिकडे
सात धनुष्यं.

मी विचारलं, काका, बैल कोणता?
वारा कुठला धरायचा? बाण कोणी सोडायचा?
ते चिडले नाहीत.
तुमच्या टिपणात तरी काय असतं, म्हणाले,
‘बाभळीपासून सव्वा साखळी’.
बाभूळ असते का जागेवर?

नसते. बहुतेक वेळा नसतेच.

सुपडू भोईच्या नावेत रोव्हरची काठी उभी धरून बसले.
बॅरेजची दारं बंद. पाणी फुगून थांबलेलं.
सूर्याची लेक ती, पश्चिमेला धावत सुटलेली,
आता काठावरचे पाइप तिला तोंड लावून बसलेत,
वर ऊस, वर मिरची, वर पपई.
यंत्र दोन सेंटिमीटरपर्यंत खरं बोलतं.
त्याने अक्षांश दिला, रेखांश दिला,
चौदा उपग्रहांची साक्ष काढली.
कुंड दिलं नाही.

काका वल्ह्याच्या तालावर पुटपुटत होते:
एका नदीत बुडावं लागतं,
एक डोळ्यांनी पाहावी लागते,
हिची नुसती आठवण पुरते.
लहानपणी मला ती सवलत वाटायची,
लंगड्यांसाठी, बाळंतिणींसाठी,
हिच्याच काठाने सुरतेला कामाला गेलेल्यांसाठी.
त्या दुपारी वाटलं, लिहिणाऱ्याला माहीत असणार
की पात्र सरकतं.
किंवा नसेलही. एखाद्या पुराच्या वर्षी
तीर्थापर्यंत पोचता आलं नाही म्हणून
त्याने आपल्यापुरती पळवाट काढली असेल.
घाटावर भिजत बसून मीही तेच केलं असतं.

मधेच सुपडूने वल्हं उचललं.
“आठे शे.”
कशावरून?
“मना बाप आठे वल्हं उचली ले.”
आणि बापाला कोणी सांगितलं?
बापाच्या बापाने. इथे आलं की वल्हं वर घ्यायचं,
खाली कुणी अंघोळ करत असतं,
लागेल.

पूल झाला तेव्हाच उतारू संपले.
सुपडू आता मासे धरतो,
पण या पाच हातांत वल्हं पाण्याला लावत नाही.
नाव आपली आपण सरकते,
थेंब गळत राहतात.

दोरीला दगड बांधून सोडला. साडेपाच वाव.
काका पाण्याकडे वाकले नाहीत,
हातसुद्धा जोडले नाहीत.
म्हणाले, लिहून घेतलंत ना?

लिहिलं. लगतचे कब्जेदार:
पूर्वेस पाणी. पश्चिमेस पाणी.
दक्षिणेस जलसंपदा विभाग.
उत्तरेस केदारेश्वराची घंटा,
ऐकू येते तिथवर.

साहेबांनी शेवटच्या ओळीवर लाल रेघ मारली.
अंतर आकड्यात लिहा.

संध्याकाळी परत घाटावर गेले.
पलीकडच्या शिवारात कुणाचा तरी बैल हंबरला.
मी फॉर्म काढला, पेनाचं टोपण काढलं,
मग ट्रॅक्टर आला.

प्रकरण माझ्याकडे प्रलंबित आहे.
रजिस्टरला अजून ते
तातडीचं म्हणूनच लागलेलं.