स्तोत्र बसून, प्रार्थना उभ्याने

रविवारी सकाळी मी कपडे वाळत घालते.
चार उशांचे अभ्रे, एक चादर, रुअरीचा जुना सदरा
जो आता मीच घालते, बागेत खणताना.
लुईस बेटावरच्या आमच्या गावात
त्या दिवशी दुसऱ्या कुणाचीही दोरी भरलेली नसते.
मग हात पुसते, काळा कोट चढवते, हॅट,
आणि त्याच वाऱ्यातून चर्चला जाते.

तिसरा बाक, भिंतीकडची जागा.
हीटर आहे ना तिथे, असं सांगते मी विचारणाऱ्यांना.
शेजारी पेगी. प्रवचन सुरू झालं
की न बघता एक पेपरमिंट माझ्या तळहातावर.
चावायची नाही. विरघळू द्यायची.
मोठं प्रवचन म्हणजे दोन गोळ्या.

आज तीन लागल्या.
पाळक मॅकॲस्किल रविवारच्या फेरीबोटीवर घसरले.
शब्बाथ मोडणारं इंजिन, म्हणाले,
आणि त्यातून उतरणारे,
आणि त्यांना घ्यायला धक्क्यावर जाणारे.

ती मी.
माझी लेक शनिवारची रात्रपाळी करून,
परक्यांच्या म्हाताऱ्या आया कुशीवर वळवून वळवून,
त्याच बोटीने येते
आणि गाडीत बसल्याबरोबर झोपते.
हे पाप असेल तर ते घोरतं.

बाकावर बसून मी पाळकांशी भांडते.
चाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्याशी भांडले नाही इतकं,
एक एक मुद्दा धरून, ओठ न हलवता.
जिंकतेही बहुतेक वेळा.

मग जातेस कशाला, लेक विचारते.
स्टॉर्नोवेत ते दुसरं आहे की, गिटारवालं.
गेले होते एकदा.
सगळं पटलं.
परत गेले नाही.

आमच्याकडे वाद्य नाही.
स्तोत्र बसून, प्रार्थना उभ्याने.
कॅलम ओळ उचलतो, मेंढ्यांना हाका मारून
खरवडलेल्या गळ्याने,
आणि आम्ही मागून निघतो, जो तो आपल्या वळणाने,
कुणी आधी पोचतं, कुणी रेंगाळतं,
पेगी तर तिच्या आजोळची एक मुरकी
मध्येच घेऊन येते, कुणी थांबवत नाही.
छपरापर्यंत पाणी चढल्यासारखं होतं.
त्यात पाळकांचा आवाजही असतो, किंचित बेसूर.
तेवढा वेळ मला काहीच खोडून काढायचं नसतं.

रुअरीच्या शेवटच्या हिवाळ्यात ते घरी यायचे.
प्रार्थना करू का, विचारलं.
रुअरी नको म्हणाला.
मग स्वयंपाकघरात बसून बटाटे सोलायचे,
साल इतकी जाड की निम्मा बटाटा तिच्यातच जायचा.
अकरा संध्याकाळी.
मीही बोलले नाही, तेही नाहीत.

हे एका पारड्यात टाकलं
म्हणून फेरीबोटीचं पारडं वर जात नाही.
मी करून पाहिलंय.

दारात त्यांनी हात पुढे केला. मी दिला.
डोळ्याला डोळा भिडवून म्हणाले असते काही,
तर माझी वाक्यं तयार होती.
ते माझ्या खांद्यावरून पश्चिमेकडे बघत होते,
जिथून चर्चच्या पायरीवरून
माझं परस दिसतं.
सर येतेय, एफी, ते म्हणाले,
आणि पुढच्या माणसाकडे वळले.

मी पाय उचलले नाहीत भरभर.
अभ्रे भिजलेच.