एक चौरस मीटर

शैक्षणिक साहित्याची पेटी आमच्या शाळेत आहे.
निळी, प्लास्टिकची, कुलूपबंद.
फुटली तर भरून कोण देणार, म्हणून
गांगुर्डे सरांनी ती कपाटात ठेवलीय
आणि कपाटाची किल्ली
मोटरसायकलच्या जुडग्यात अडकवलीय.
डेड स्टॉक रजिस्टरला नोंद आहे:
नग एक, स्थिती उत्तम.
उत्तमच राहणार.

मी पाचवी ब ला म्हटलं, घरून रद्दी आणा.

खिचडीच्या ताईंनी त्यांच्याच शेगडीवर
मैद्याची खळ शिजवून दिली.
तेजल बोरसेनं आईची शिवणाची टेप आणली,
पहिले चार सेंटिमीटर पार पुसलेले,
म्हणून पाचापासून मोजायचं
आणि एकशेपाचला थांबायचं.
काटकोन फरशीवरून घेतला
तर फरशीच तिरकी निघाली.
मग मुज्जमिलनं कागद दोनदा दुमडून
नवा काटकोन काढला, खिशात मावणारा.

बाजारभाव, निधनवार्ता, द्राक्षांच्या औषधाची जाहिरात
एकमेकांना चिकटून
झाला एक चौरस मीटर.

त्यावर किती मुलं उभी राहतात?
अकरा. श्वास रोखून चौदा.
पंधरावा पंकज चौरसिया,
त्याला वर्ग आठवडाभर चौरस म्हणूनच हाक मारत होता,
तो कडेला एका पायावर.
तेवढ्यात एमआयडीसीचा तीनचा भोंगा झाला
आणि सगळे हसत कोसळले.
एक कोपरा फाटला.
त्याला आम्ही लग्नपत्रिकेचं ठिगळ लावलं.

मग तो चौरस घरोघर गेला,
रोज एकाकडे, गुंडाळी करून.
परत येताना हळदीचा हात,
चहाचं वर्तुळ,
एकदा उंदराचे दात घेऊन आला.
पुस्तकात एक बाग आहे,
लांबी चाळीस मीटर, रुंदी पंचवीस.
सातपूरच्या माझ्या अडतीस पोरांत
बाग कुणाकडेच नाही.
पण प्रश्न होते.
बाई, मोरी धरायची का?
बाई, माळ्यावर झोपतात ते वेगळं क्षेत्रफळ का?
बाई, खाटेखाली ताई झोपते, तर ती जागा दोनदा मोजू?

दोनदा मोज, म्हटलं.
बी.एड.ला हे कुणी शिकवलं नव्हतं.

पंकजच्या वहीत लिहिलं होतं:
खोली नऊ चौरस मीटर आणि थोडी.
माणसं सहा.
प्रत्येकी दीड.
दशांश अजून शिकवायचे होते मला,
पण दीड त्याला दुधाच्या पिशव्यांवरून येत होतं.
खाली, बारीक पेन्सिलीनं,
मी विचारलंच नव्हतं ते:
पप्पांची रात्रपाळी असली की
प्रत्येकी पावणेदोन,
आणि थोडी उरते.

मी बरोबरची खूण केली.
मग लाल पेनाचं टोपण
लावता लावता हातातून दोनदा पडलं.

तपासणीला साहेब आले.
निळी पेटी उघडली, मणी मोजले, पेटी बंद केली.
भिंतीवरच्या गुंडाळीकडे बोट करून म्हणाले,
हे काय?
मुज्जमिल म्हणाला, मीटर आहे साहेब. चौरस.
साहेबांनी ठिगळावरचं नाव वाचलं,
चि. सौ. कां. मीनाक्षी,
आणि चहा घ्यायला गेले.
त्या संध्याकाळी रजिस्टरात मीच लिहिलं:
चौरस मीटर, कागदी, नग एक,
किंमत निरंक, स्थिती
इथं बराच वेळ थांबले.
स्थिती: वापरात.

दिवाळीनंतर चौरसिया अंबडला राहायला गेले.
शनिवारी पंकज शाळेच्या दाराशी,
नव्या शाळेचा टाय अजून गाठ न बसलेला.
बाई, चौरस द्याल? नवी खोली मोजायचीय.
सोमवारी आणून देतो.

दिला. सही घेतली.
सोमवार गेला, त्याच्या मागचेही काही गेले.
गांगुर्डे सर विचारतात,
रजिस्टरला नग आहे, भिंतीवर नाही, काय लिहू?

थांबा म्हणते.
खोली मोठी असेल.
अजून मोजून व्हायची असेल.

इकडे नवी पाचवी रद्दी घेऊन आलीय,
खळ थोडी पातळ झालीय यंदा.